कृष्णधवल छायाचित्रांसाठी फुजीफिल्म एक्स-टी३० : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनमध्ये, पालख्या निघण्याच्या आठवडाभर आधी, मी फुजीफिल्मचा एक्स-टी३० हा वापरलेला कॅमेरा आणि त्यासोबत ३५ मिमी एफ/२ लेन्स विकत घेतली. एका दिवसाचा अपवाद सोडला, तर तेव्हापासून त्याच्यावर मी फक्त कृष्णधवल छायाचित्रे काढली आहेत. कॅमेरा २०१९ सालचा असून त्याच्या वेगाविषयी आणि व्हिडिओविषयी पुष्कळ लिहून झालेले आहे, म्हणून येथे केवळ कृष्णधवल कामात आलेला अनुभव मांडते.

कृष्णधवलासाठी यात साधा मोनोक्रोम आणि ॲक्रॉस असे दोन पर्याय आहेत. ॲक्रॉस हे नाव त्याच कंपनीच्या निओपॅन १०० ॲक्रॉस या फिल्मवरून घेतलेले असून हा पर्याय २०१६ मध्ये एक्स-प्रो२ या कॅमेऱ्यापासून मिळू लागला. मी पहिल्या आठवड्यापासून ॲक्रॉसच वापरते, कारण त्यात सावलीकडून उजेडाकडे जाताना करड्या छटा एकदम तुटत नाहीत, आणि आयएसओ (कमी उजेडासाठी वाढवायची संवेदनशीलता) वाढवला की छायाचित्रात दिसणारा बारीक कण फिल्मच्या कणासारखा वाटतो. रंगीत छायाचित्रात आयएसओ ६४०० ला लाल-हिरवे ठिपके डोळ्यांना खुपतात. रंगच नसले की तो त्रास उरत नाही. त्यामुळे वाड्यातल्या अंधाऱ्या माजघरातही मी निर्धास्तपणे छायाचित्रे काढू शकले. मेनूमध्ये कण वाढवण्याची वेगळी सोय आहे, ती मात्र मी बंद ठेवली आहे.

दोन्ही पर्यायांना पिवळा, लाल आणि हिरवा असे तीन फिल्टर जोडता येतात, आणि सर्वांत जास्त शिकणे येथेच झाले. कॅमेऱ्याचा सेन्सर दृश्य रंगातच नोंदवतो. कोणता रंग किती उजळ करड्यात उतरवायचा, हे नंतर फिल्टरप्रमाणे ठरते. लाल फिल्टरने निळे आकाश गडद होते आणि पांढरे ढग उठून दिसतात, म्हणून पावसाळ्यात मी तो लावला आणि तसाच राहू दिला. गौरी-गणपतीत मावशीचे छायाचित्र त्याच फिल्टरवर काढले. चेहरा नितळ आला, सुरकुत्या सौम्य झाल्या, खिडकीतला उजेड गालावर हवा तसा पडला होता. मावशीने ते पाहिले आणि एवढेच विचारले, "अगं, माझं कुंकू कुठं गेलं?" लाल फिल्टरमुळे कुंकू आणि कपाळ दोन्ही सारखेच उजळ झाले होते, आणि रुपयाएवढे कुंकू लावणाऱ्या सवाष्ण बाईचे कपाळ छायाचित्रात मोकळे दिसत होते. मला फार वाईट वाटले. सुदैवाने तयार छायाचित्राच्या जेपेग फाइलबरोबर रॉ फाइलही, म्हणजे सेन्सरची मूळ नोंदही, साठवलेली होती आणि तिच्यात सगळे रंग शाबूत होते. कॅमेऱ्यातच तिच्यावर हिरवा फिल्टर लावून पाहिला, तेव्हा कुंकू काळेभोर होऊन कपाळावर परत आले. त्वचा थोडी सावळी झाली आणि सुरकुत्याही दिसू लागल्या, पण मावशी ओळखीची वाटू लागली. तेव्हापासून माणसांसाठी हिरवा किंवा पिवळा आणि फक्त आभाळासाठी लाल, हा माझा नियम आहे. कार्डावर जागा कमी उरली तरी रॉ साठवणे मी बंद करत नाही.

व्ह्यूफाइंडरमध्ये दृश्य आधीच कृष्णधवल दिसते, हा या पद्धतीचा मला सर्वांत मोठा फायदा वाटतो. हिरवी साडी आणि तिचे लाल काठ डोळ्यांना कितीही वेगळे दिसले, तरी करड्यात ते एकमेकांत मिसळू शकतात, आणि हे बटण दाबण्यापूर्वीच कळते. आता कॅमेरा हातात नसतानाही रंगांऐवजी उजेडाकडे आधी लक्ष जाते.

एक्स्पोजरचे, म्हणजे छायाचित्र किती उजळ किंवा गडद घ्यायचे याचे, मात्र स्वतःच पाहावे लागते. सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिरात थंडीतल्या एका सकाळी गेले होते. यादवकाळातले हे पंचायतन काळ्या दगडाचे आहे, आणि कोणत्याही कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोरचे सगळे मध्यम करडे आहे असे मानून चालतो, त्यामुळे पहिल्या छायाचित्रांत दगड सिमेंटसारखा दिसला. वरच्या तबकडीवर एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड) उणे केल्यावर दगडाचा काळेपणा परत आला. तिरप्या उन्हात कोरीव कामाची प्रत्येक कड वेगळी दिसत होती. दहानंतर ऊन वर चढले आणि त्याच भिंती सपाट झाल्या. वारीच्या वाटेवरच्या दिवे घाटात अडचण वेगळी होती. पांढरी टोपी, पांढरे धोतर आणि उन्हाने रापलेला चेहरा एकाच चौकटीत आले, की चेहरा सांभाळताना टोपी कोरी पांढरी होऊन तिची शिवण नाहीशी होते. तेथे डायनॅमिक रेंज ही उजळ भागांतले तपशील राखणारी सोय ४०० वर ठेवल्याने कापडाच्या घड्या टिकल्या. त्यासाठी या कॅमेऱ्यात आयएसओ किमान ६४० लागतो, पण ॲक्रॉसमध्ये त्याने काही बिघडत नाही. माझी लेन्स पावसाला तोंड देण्यासारखी बनवलेली असली तरी कॅमेऱ्याला तसे संरक्षण नाही, हे वारीला जाणाऱ्याने घेण्यापूर्वीच लक्षात घ्यावे. मी अख्खा घाट प्लॅस्टिकच्या पिशवीला भोक पाडून, त्यातून लेन्स बाहेर काढून चढले.

छपाईत पहिल्यांदा पैसे वाया गेले. एका लॅबने रंगीत छायाचित्रांच्याच कागदावर प्रती काढून दिल्या आणि त्या ट्यूबलाइटखाली हिरवट, तर उन्हात किंचित जांभळट दिसू लागल्या. पुढच्या प्रती करड्या शाईच्या स्वतंत्र नळ्या असलेल्या इंकजेट प्रिंटरवर, सुती मॅट कागदावर काढून घेतल्या. खर्च दुपटीहून अधिक आला, पण गोंदेश्वराच्या सावल्यांमध्ये पडद्यावर न दिसलेले तपशील त्या कागदावर दिसतात. ऑर्डर देण्यापूर्वी एक लहान नमुना छापून घ्यावा आणि तो दिवसाच्या उजेडात पाहावा.

सुरुवातीला म्हटलेला अपवाद जेजुरीचा. सोमवती अमावास्येला गडावर भंडारा उधळला जात होता आणि व्ह्यूफाइंडरमध्ये मला नुसती पांढरी धूळ उडताना दिसत होती, गिरणीत पीठ उडावे तशी. तिन्ही फिल्टर फिरवून पाहिले. हळद हळदीसारखी दिसेना, आणि पिवळ्याशिवाय त्या दिवसाचे छायाचित्र खोटे ठरले असते, म्हणून मी ॲक्रॉस बंद करून संध्याकाळपर्यंत रंगीत छायाचित्रे काढली.