१६ मिलिमीटरचा मागचा अँटी-रोल बार: आठ महिन्यांनंतर

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असणाऱ्यांची सुटका. बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी आणि स्वतः पिळून वळणात गाडीचं कलणं रोखणारी पोलादी दांडी. तो चांगला आहे, ठेवलाय, काढणार नाही. मात्र खोक्यावर जे छापलंय त्यासाठी तो घेऊ नका, आणि त्याच्या टोकाला लिंक (बार सस्पेन्शनला जोडणारी छोटी दांडी) लावायला जी तीन भोकं आहेत त्यांतल्या तिसऱ्याच्या वाटेला जाऊ नका.

गाडी टोयोटा जीटी८६. पुढे बॉक्सर इंजिन, ताकद मागच्या चाकांना, वजन पुढे ५३ आणि मागे ४७ टक्के. मूळचे २१५/४५ आर१७ टायर झिजल्यावर मी त्याच मापाचे पण बऱ्यापैकी चिकट टायर घातले. पकड वाढली तशी गाडी वळणात जास्त कलायला लागली. पुढचं सस्पेन्शन मॅकफर्सन स्ट्रटचं. त्यात गाडी कलली की बाहेरचं पुढचं चाकही तिच्याबरोबर कलतं आणि टायरच्या खांद्यावर उभं राहतं. परिणाम असा, की वळणात शिरले आणि जरा वेग जास्त झाला की नाक बाहेर पळायचं. स्टीअरिंग आणखी वळवा, तरी नाक आपलं बाहेरच. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, मागचा बार जाड घाल, गाडी आपोआप आत वळेल." त्याचं म्हणणं अर्धं खरं निघालं.

खोक्यावर दोन दावे होते. एक, 'वळणातली पकड वाढवतो'. दुसरा, मूळ बारपेक्षा अमुक टक्के कडक. कुठल्या भोकावर, ते कुठेच नाही. मी व्हर्नियर लावला: मूळ बार १४ मिमी, नवा १६, दोन्ही भरीव. पिळाला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो, म्हणजे दोन मिलिमीटरच्या फरकानं बार सुमारे ७० टक्के कडक झाला. हे पहिल्या, टोकाच्या भोकाचं, कारण ते मूळच्याच जागी येतं. भोक आत सरकवलं की तरफ, म्हणजे बारच्या पिळणाऱ्या भागापासून भोकापर्यंतचा हात, आखूड होते. ती दहा टक्के आखूड झाली तर ढोबळमानानं आणखी २३ टक्के कडकपणा वाढतो. माझ्या मोजणीत तिसरं भोक तरफ जवळपास वीस टक्के आखूड करतं, म्हणजे मूळ बारच्या अडीच पटींच्याही वर. असा बार विकताना भोकानुसार तीन आकडे द्यायला काय जातं? शिवाय हे सगळं एकट्या बारचं गणित. मागच्या ॲक्सलवर स्प्रिंगाही आहेतच, त्यामुळे गाडी मागून ७० टक्के कडक झाली असं मुळीच होत नाही.

आता 'पकड वाढवतो' या वाक्याबद्दल, कारण सगळा घोटाळा त्यात आहे. माझ्यासकट गाडी १३०० किलो धरा. गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे ४६ सेंटिमीटर, डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर दीड मीटरच्या किंचित वर. पाऊण जीच्या (एक जी म्हणजे गाडीच्या वजनाइतका बाजूचा रेटा) वळणात आतल्या दोन चाकांवरून बाहेरच्या दोन चाकांवर साधारण ३०० किलो भार सरकतो. बार बारीक असो, जाड असो, हे ३०० किलो सरकणारच. बार फक्त ठरवतो, की त्यातले पुढच्या जोडीनं किती पेलायचे आणि मागच्या जोडीनं किती. आणि टायरची गंमत अशी, की भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच पडते. म्हणून ज्या ॲक्सलवर जास्त भार सरकतो त्या जोडीची एकूण पकड घटते. मागचा बार जाड केला म्हणजे मी मागची पकड थोडी घालवली आणि पुढच्या चाकांचं ओझं हलकं केलं. नाक आत येतं ते यामुळे.

बसवणं सोपं आहे, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. गाडीची एकच बाजू जॅकवर उचलून बारच्या लिंकचे नट सोडू नका. एक चाक लोंबकळत असताना बार पिळलेला असतो आणि सुटताना हातावर बसतो. दोन्ही चाकं सारख्या उंचीवर हवीत, शक्यतो रॅम्पवर, गाडीचं वजन चाकांवर असताना. बसवतानाही तेच: शेवटचा बोल्ट कुठेही न ओढता, हातानं सरकला पाहिजे. तो ठोकून घालावा लागला तर बारमध्ये आधीपासूनच पीळ आहे, आणि गाडी डावीकडे एक, उजवीकडे दुसरी वागेल. आमचा पहिल्यांदा ठोकावा लागला. भावानं ठोकलाही. मी काढायला लावला. डावी लिंक चार मिलिमीटरनं कमी केल्यावर बोल्ट सुळकन आत गेला. लिंका लांबी बदलता येणाऱ्या होत्या म्हणून हे जमलं, आणि त्या वेगळ्या घ्याव्या लागल्या. बारबरोबर येत नाहीत.

खोक्यात ब्रॅकेटचे चारपैकी दोनच बोल्ट निघाले. ग्रीसची पुडीही इतकीशी, की पॉलियुरेथेनच्या एका बुशालाही (बार ज्यात धरलेला असतो त्या कड्याला) पुरू नये. विक्रेत्यानं उरलेले बोल्ट तीन आठवड्यांनी पाठवले. तोवर जुनेच वापरले.

चाचणी बंद आवारात केली, रीतसर परवानगी काढून. ३० मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखलं, शंकू मांडले, भाऊ घड्याळ घेऊन मधोमध. स्टीअरिंगच्या माथ्यावर पांढरी चिकटपट्टी लावली, म्हणजे किती वळवतेय ते दिसावं. टायरमध्ये प्रत्येक वेळी थंड असताना ३५ पीएसआय. हवेबाबत मी हट्टी आहे. शेवरोले कॉर्व्हेअरच्या १९६० च्या मॉडेलला पुढे अँटी-रोल बार दिलेलाच नव्हता. इंजिन मागे, मागे स्विंग ॲक्सल (चाकासकट वर-खाली झुलणारा), आणि तोल सांभाळायचं काम हवेवर सोपवलेलं: पुढे १५, मागे २६ पीएसआय. कुणी सवयीनं चारही चाकांत सारखी हवा भरली की सगळा हिशेब कोलमडला. १९६४ च्या मॉडेलला पुढचा बार आला. हवा न मोजता 'बारनं गाडी बदलली' म्हणणाऱ्यांना मी ही गोष्ट ऐकवते.

मूळ बारवर एक फेरी १२.६ सेकंद, म्हणजे ०.७६ जी. पहिल्या भोकावर १२.४, म्हणजे ०.७८ च्या आसपास. दोन दशांशांची कमाई, आणि त्यातला एक दशांश माझा हात बसल्याचा असणार, कारण माझ्याच ओळीनं घेतलेल्या फेऱ्यांमध्ये तेवढा फरक पडतो. घड्याळावर भुलून हा बार घेऊ नये तो यासाठी. खरा फरक चिकटपट्टीनं दाखवला. पूर्वी वेग वाढला की पट्टी सरकत सरकत पाव फेरीच्या पलीकडे जायची आणि तरी गाडी रुंद पळायची. आता ती दोन बोटं सरकते आणि थांबते. वर्तुळात असताना ॲक्सिलरेटर किंचित सोडला की नाक आत येतं, दाबला की बाहेर जातं. पायानं गाडी वळवता येते, हे सुख नव्यानं मिळालं.

शंकूंमधून नागमोडी काढताना तर अधिकच. डावीकडून उजवीकडे जाताना गाडी आधी कलायची, मग वळायची. मधला तो क्षण आखडला. एकूण कल कमी झालाय, पण थोडाच.

मधलं भोक कोरड्यात मजेदार आहे. ओल्यात नाही. पाणी मारलेल्या वर्तुळावर मी घाबरून पाय उचलला आणि शेपूट इतक्या चटकन निघाली, की स्थैर्य नियंत्रणाचा दिवा लुकलुकत असतानाच मी अर्धी फिरले होते. भाऊ शंकूंमागे उभा होता, तो हसला नाही, यावरून काय ते समजा.

तिसऱ्या भोकावर वेळ पुन्हा १२.६. नाक पळायचं थांबलं, पण आता मागची चाकं आधी सुटतात, म्हणजे खर्च करून होतो तिथेच. वर आणखी एक भानगड: वळणातून बाहेर पडताना मागचं आतलं चाक इतकं हलकं होतं की ते जागीच फिरायला लागतं. माझ्या गाडीत टॉर्सेन डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत जोर वाटणारा गिअरचा संच) आहे, पण ते हलक्या चाकाला मिळणाऱ्या जोराच्या ठरावीक पटीतच दुसऱ्या चाकाला जोर देतं. हलक्या चाकाला जवळपास शून्य मिळत असेल तर शून्याची कितीही पट शून्यच.

रोजच्या चालवण्यात दोन्ही चाकं एकदम उंचवट्यावर गेली तर काहीच जाणवत नाही. एकच चाक खड्ड्यात गेलं की मात्र बार तो धक्का दुसऱ्या बाजूला पोचवतो आणि डोकं डावी-उजवीकडे डुलतं. सवय होते. बुशांची कुरकुर चौथ्या महिन्यात सुरू झाली, सकाळी गारठ्यात जास्त. उघडून सिलिकॉन ग्रीस भरपूर चोपडलं, तेव्हापासून गप्प आहेत.

एक चूक माझी. अलाइनमेंट मी बारनंतर केलं, ते आधी करायला हवं होतं. पुढच्या चाकांना कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल; उणे म्हणजे माथा आत) जवळजवळ नव्हताच. खास बोल्ट घालून तो उणे १.३ अंशांवर नेला, मागची टो (वरून पाहता चाकांचं तोंड आत की बाहेर) दोन्हीकडे सारखी, किंचित आत. त्या दिवशी पुढच्या टायरनं जो चावा घेतला तो बारपेक्षा मोठा फरक होता, आणि तिथे मागची पकड घालवावी लागली नाही. हे आधी केलं असतं तर कदाचित १५ मिमीचाच बार घेतला असता. तुमच्या पुढच्या टायरचे बाहेरचे खांदे झिजत असतील तर आधी तिकडे जा, मग बार.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण बोल्टांचा कापला, एक खोक्यावरच्या वाक्याचा. बार पहिल्या भोकावर आहे. तिसऱ्या भोकात भावानं उशिरा आलेला एक बोल्ट घालून नट आवळून टाकलाय, मला मोह होऊ नये म्हणून.