नोंदणी माझी, मोबाईल नंबर त्याचा

आमच्याकडे उन्हाळा लागला की ‘उद्योग नोंदणी करून देतो’ म्हणत कुणी ना कुणी गावोगाव फिरतं. बचत गटांच्या बायका हे त्यांचं ठरलेलं गिऱ्हाईक. यंदाही असे लोक फिरतायत असं कानावर आलं, म्हणून लिहायला बसले. माझ्या पॅन कार्डावर एका अनोळखी माणसाने भंगाराचा धंदा दाखवला. मला ते कळेपर्यंत माझ्या नावावरची उलाढाल कागदोपत्री कोटीच्या वर गेली होती. प्रत्यक्षात मी कोकमाचं आगळ विकते.

आमचं घर वेंगुर्ले तालुक्यात, शिरोड्याच्या अलीकडे. परड्यात रातांब्याची, म्हणजे कोकमाची, जुनी झाडं आहेत. मी आणि माझी नणंद मिळून आगळ, सोलं, आंबापोळी, फणसपोळी करतो. वर्षानुवर्षं हा माल मे महिन्यात येणारे चाकरमानीच उचलायचे. 2023 च्या उन्हाळ्यात आम्ही ठरवलं की बाटल्यांना नीट लेबल लावून सावंतवाडीच्या आणि जमलं तर गोव्याच्या दुकानात माल ठेवायचा. सगळं कायद्याने, कागदपत्रांसह करायचं होतं. फसवणाऱ्यांना नेमके असेच लोक लागतात. ज्याला नियम पाळायचेच नाहीत तो त्यांच्याकडे कशाला जाईल?

गटाची बैठक आमच्या खळ्यात होती. गटातल्याच एका ताईच्या ओळखीने तो नोंदणी करून देणारा आला. बरोबर एक मुलगी, लॅपटॉप, अंगठा घ्यायचं मशीन, आणि मागे बांधायला बॅनर. बॅनरवर दुरून राजमुद्रा वाटेल असं चित्र होतं. बोलणं अस्सल मालवणी, वागणं अदबीचं.

तो काय बोलला ते मी मुद्दाम सविस्तर सांगते. तो म्हणाला, वर्षाला 12 लाखांच्या आत विक्री असेल तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाची साधी नोंदणी पुरते, मोठा परवाना लागत नाही. तेव्हाच्या नियमाप्रमाणे हे खरं होतं. तो म्हणाला, केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत अनुदान आहे. हेही खरं होतं. तो म्हणाला, गोव्यात माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, दुसऱ्या राज्यात माल जातो म्हणून जीएसटी नंबर घ्यावा लागतो. तेही खरं होतं. गटात बारावीपर्यंत शिकलेल्या दोघी होत्या, त्यांनी फोनवर शोधून पाहिलं आणि त्याचं बोलणं बरोबर निघालं. माहिती खरी निघाली की माणूसही खरा वाटतो. त्याचं सगळं कसब इथेच होतं.

त्याने ‘पूर्ण पॅकेज’चे 11,500 रुपये सांगितले. त्यात उद्यम (लहान उद्योगांची केंद्राची नोंदणी), शॉप अॅक्ट, अन्न नोंदणी, जीएसटी, ट्रेडमार्क आणि आयएसओ (दर्जाचं प्रमाणपत्र). आता या सगळ्याचे खरे दर सांगते. उद्यम नोंदणी 1 जुलै 2020 पासून सुरू आहे. ती पूर्ण फुकट असते, आणि आधार व पॅन हाताशी असले की घरबसल्या होते. जीएसटी नोंदणीला सरकार एक पैसा घेत नाही. अन्नाच्या साध्या नोंदणीची फी तेव्हा वर्षाला 100 रुपये होती. शॉप अॅक्ट म्हणजे महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा, त्यात तेव्हा 10 पेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला परवाना घ्यावाच लागत नव्हता. नुसती ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची, तिचा खर्च अगदी किरकोळ. खरी सरकारी फी लागते ती ट्रेडमार्कला. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गाचे 4,500 रुपये. आणि आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही. ते काम वेगळ्या प्रमाणन संस्था करतात, आणि त्यासाठी प्रत्यक्ष येऊन तपासणी होते. आमच्या चुलीपर्यंत कुणीही आलं नव्हतं.

कुणी मदतीचे पैसे मागितले तर त्यात गैर काही नाही. करसल्लागार त्याच्या कामाची फी घेतो, आपले सरकार सेवा केंद्रवाला घेतो, त्यांनाही पोट आहे. पण ‘सरकारी फी’ म्हणून कुणी पैसे मागत असेल तर सरकारी चलन किंवा पोर्टलची पावती मागायची. आम्हाला मिळाली ती साध्या पॅडवरची, शिक्का मारलेली चिठ्ठी.

पैशांचं दुःख मी केव्हाच सोडलं. खरा घात त्या दुपारी ओटीपीत झाला. माझा फोन माझ्याच हातात होता. मुलगी लॅपटॉपवर टाईप करत होती आणि मधेच विचारायची, “काकी, काय आकडे इले?” मी वाचून सांगायचे. ती म्हणायची, “आता आणखी एक येतलो.” असे एकामागून एक मेसेज येत राहिले. अर्ज सहा कामांचे, तर ओटीपीही तितके येणार, असंच कुणालाही वाटेल. त्यातला एक माझ्या आधारचा होता आणि तो जीएसटीच्या अर्जाला माझी संमती म्हणून वापरला गेला. त्या अर्जात संपर्कासाठी मोबाईल आणि ईमेल मात्र त्याने स्वतःचे भरले. धंद्याचा पत्ता भलत्याच जिल्ह्यातल्या एका गोदामाचा, सोबत माझ्या सहीचा भाडेकरार. ती सही मी केलेली नाही.

पाऊस सुरू व्हायच्या सुमारास लॅमिनेशन केलेले कागद घरी आले. उद्यमचं प्रमाणपत्र खरं होतं. शॉप अॅक्टची पावतीही खरी होती. जीएसटीबद्दल त्याने फोनवर सांगितलं, “वहिनी, तुमचो अर्ज रिजेक्ट झालो. उलाढाल कमी दिसता. पुढच्या वर्षी बघूया.” आणि त्यापोटी 1,500 रुपये परत पाठवले. पैसे परत करणाऱ्या माणसावर संशय कोण घेणार? त्या 1,500 रुपयांत त्याने माझा जीएसटी नंबर विकत घेतला होता, आणि तो नंबर अस्तित्वात आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

उलगडा झाला तो अन्न नोंदणीवरून. सावंतवाडीच्या एका दुकानदाराने आगळाच्या बाटल्या ठेवायला होकार दिला. त्याने बाटली हातात घेतली, लेबलावरचा 14 आकडी नंबर अन्न परवान्यांच्या फॉसकॉस या सरकारी पोर्टलवर टाकला आणि फोन माझ्यासमोर धरला. “वहिनी, ह्यो नंबर तुमचो नाय. हय दुसऱ्याचा नाव येता.” कुठल्याशा शहरातल्या बेकरीचं नाव होतं. मग त्यानेच समजावलं की नोंदणीचा नंबर 2 ने सुरू होतो आणि परवान्याचा 1 ने. आमच्या कागदावर वर ‘नोंदणी प्रमाणपत्र’ छापलेलं होतं, पण खालचा नंबर 1 ने सुरू होत होता. दुसऱ्याच्या परवान्यावर माझं नाव चिकटवून दिलं होतं. त्या दुकानदाराचे उपकार मी विसरणार नाही. तो गप्प राहून बाटल्या परत देऊ शकला असता.

तिथून मी कुडाळला एका करसल्लागाराकडे गेले. सगळे कागद पाहून झाल्यावर तो म्हणाला, “पॅन द्या.” जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता पॅनवरून शोधायची सोय आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्याने पॅन टाकला आणि पडद्यावर एक नंबर आला. सुरुवातीला 27, म्हणजे महाराष्ट्र. आणि त्यापुढची दहा अक्षरं, एकही इकडचं तिकडे नाही, माझ्या पॅनची. पंधरा अक्षरी नंबरात दहा अक्षरं माझी होती. खाली नाव माझं, व्यापार भंगाराचा, पत्ता मी कधी न पाहिलेल्या गावचा, आणि दर महिन्याची विवरणपत्रं वेळेवर भरलेली. आयकर पोर्टलवरच्या माझ्या वार्षिक माहिती विवरणात जीएसटी उलाढालीचा आकडा तोवर येऊन बसला होता. करसल्लागाराने सांगितलं की माल न हलवता नुसती बिलं फाडायची आणि त्या बिलांवर दुसऱ्यांनी कराची वजावट उचलायची, यासाठी असे नंबर लागतात. वसुली निघाली की ती ज्याचा पॅन त्याच्या दारात येते.

त्यानंतरचा काळ मी थोडक्यात आवरते, कारण त्याची आठवण नको वाटते. जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, सायबर पोलिसांकडे फिर्याद दिली. फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाची तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतली कलमं लागली, 420, 468, 471. ओळखीतल्या काहींनी “कशाला पोलिसांच्या भानगडीत पडता” असं सुचवलं. पण पुढे प्रत्येक कार्यालयात पहिला प्रश्न हाच आला की फिर्याद केली का, आणि त्या कागदाच्या प्रतीनेच दारं उघडली. जीएसटीचं काम मात्र आमच्या जिल्ह्यात होईना. नोंदणीचा पत्ता ज्या कार्यालयाच्या हद्दीत, तिथल्या अधिकाऱ्याकडेच जावं लागतं, म्हणून घाट उतरणं-चढणं आलं. अधिकाऱ्याने जागा तपासायला माणूस पाठवला. तिथे बंद शटर होतं आणि शेजाऱ्यांना कुठल्या भंगारवाल्याचं नाव ठाऊक नव्हतं. तो अहवाल आल्यावर नोंदणी आधी निलंबित झाली आणि मग रद्द. झालेल्या बिलांबद्दलच्या नोटिशीला उत्तर दिलं आहे. निकाल अजून लागायचा आहे. त्या माणसाचा फोन बंद आहे.

या सगळ्यात एक गोष्ट मला उशिरा समजली, ती आधी कळली असती तर महिने वाचले असते. मध्यस्थाने स्वतःचाच मोबाईल आणि ईमेल नोंदणीवर घातल्याच्या तक्रारी इतक्या आल्या होत्या की 2018 मध्येच त्यावर सरकारने वाट काढून दिली होती. आपण पुराव्याचे कागद घेऊन हद्दीतल्या कर अधिकाऱ्याकडे गेलो, तर तो नोंदणीवरचा मोबाईल आणि ईमेल बदलून आपले घालतो आणि तात्पुरता पासवर्ड आपल्याला मिळतो. मी तो अर्ज दिला तेव्हा कुठे मला माझ्याच नावाचं खातं उघडून बघता आलं, बिलांच्या प्रती काढता आल्या, आणि त्या प्रतींच्या जोरावर मी नोटिशीला उत्तर देऊ शकले.

उद्यम असो, अन्न नोंदणी असो वा जीएसटी, मोबाईल आणि ईमेलच्या रकान्यात ज्याचा नंबर आहे त्याच्या ताब्यात तुमचा धंदा जातो. नोटीस त्याला जाते, पासवर्ड त्याला बदलता येतो, तुम्हाला पत्ताही लागत नाही. करून देणारा कितीही ओळखीचा असो, सख्खा भाचा का असेना, रकान्यात आपलाच नंबर घालायला लावायचा आणि अर्ज जमा करण्याआधी पूर्ण पान वाचून घ्यायचं. मेसेज इंग्रजीत येतो, म्हणून घरातल्या शाळकरी पोराला शेजारी बसवा. आकडा सांगण्याआधी त्याने मेसेज मोठ्याने वाचावा आणि कशासाठी आहे ते सांगावं. पोर्टलच्या पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना ते बघा. उद्यमच्या नावाशी मिळतीजुळती खासगी संकेतस्थळं शोधात सगळ्यात वर येतात आणि फुकटच्या कामाचे हजारो रुपये घेतात.

अन्नप्रक्रिया योजनेच्या अनुदानासाठी कुणी ‘फाईल पुढे सरकवायला’ पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. आम्ही नंतर या योजनेसाठी जिल्हा पातळीवर नेमलेल्या साधन व्यक्तीकडे गेलो. अर्ज आणि प्रकल्प अहवाल बनवायला ती मदत करते, तिचं मानधन सरकार देतं, लाभार्थ्याकडून काही घ्यायचं नसतं. अनुदान कर्जाशी जोडलेलं असतं, रोख हातात येत नाही. म्हणून ‘आधी 10 हजार भरा, मग 3 लाख खात्यात’ असं कुणी म्हणाला की तो खोटं बोलतोय हे पक्कं समजा.

आमची अन्न नोंदणी आम्ही स्वतः केली, 100 रुपये भरून. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी एक शंका विचारली, तिचं उत्तर पोर्टलवरच दिलं, आणि प्रमाणपत्र माझ्या ईमेलवर आलं. तो खरा नंबर आता बाटलीवर आहे आणि सावंतवाडीच्या त्याच दुकानात बाटल्या आहेत. गोव्याचा विचार तूर्त बाजूला ठेवला आहे. जुनं प्रकरण निकाली निघाल्याशिवाय नवा जीएसटी अर्ज करू नका, असा करसल्लागाराचा सल्ला आहे.

2023 च्या उन्हाळ्यात वेंगुर्ले, सावंतवाडी, कुडाळ भागात अशा बैठकीत ज्यांनी आधार, पॅन आणि ओटीपी दिले, त्यांनी जीएसटी पोर्टलवर ‘पॅनवरून शोध’ आजच करावा. ‘तुमचा अर्ज नामंजूर झाला’ असं ज्यांना सांगितलं गेलं, त्यांनी तर आधी. आपल्याला माहीत नसलेला नंबर दिसला तर पडद्याचा फोटो काढून ठेवा, त्या माणसाचे मेसेज आणि पैसे पाठवल्याच्या नोंदी पुसू नका, सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्या. मग फिर्यादीची प्रत, पॅन, आधार आणि स्वतःच्या खऱ्या पत्त्याचा पुरावा घेऊन त्या नोंदणीच्या हद्दीतल्या जीएसटी कार्यालयात जा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून उठू नका.