पुरातली गाडी, ६ लाख ८५ हजार आणि माझी अक्कल

मी एका साखर कारखान्यात अकाउंट्सला आहे. २२ वर्षं झाली. दुसऱ्यांची व्हाउचर तपासायची, पावती नसेल तर बिल परत पाठवायचं, हेच काम. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणणारच की या माणसाला कळायला नको होतं का? हवं होतं. तेच तर सलतंय.

कॉम्पॅक्ट एसयूव्ही घ्यावी की नको, यावर मी चार महिने घालवले. आईचे गुडघे गेलेत, खालच्या गाडीत तिला वाकून बसता येत नाही. बायकोचं माहेर चिपळूणचं, आम्ही घाटावर. म्हणजे वर्षातून आठ-दहा वेळा कुंभार्ली घाट उतरायचा आणि चढायचा. उंच गाडी हवीच होती. चार मीटरच्या आतली लांबी आणि १२०० सीसीच्या आतलं पेट्रोल इंजिन असेल तर कर कमी, यापैकी एक जरी ओलांडलं की कर चढतो, म्हणून ब्रेझा चार मीटरच्या आत असूनही १५०० सीसीच्या इंजिनामुळे वरच्या करात जाते, हे असलं सगळं मला तोंडपाठ होतं. एक्सेलमध्ये तक्ता केला होता. नेक्सॉन, व्हेन्यू, एक्सयूव्ही ३००, सगळ्यांचा मायलेज, डिकी, ग्राउंड क्लिअरन्स. नवी घ्यायची तर मनासारखं मॉडेल ऑन-रोड १० लाखांच्या वर जात होतं. मुलगी बारावीला. म्हणून ठरवलं, पाच-सहा वर्षं जुनी घेऊ. आणि तिथं तक्ता संपला. गाडी कुठली घ्यायची ते चार महिने, आणि समोर उभी असलेली नेमकी ही गाडी घ्यायची का, ते अर्ध्या तासात.

मॉडेलचं नाव लिहीत नाही, त्यात गाडीच्या कंपनीचा काही दोष नाही. जुन्या गाड्यांच्या ज्या यार्डातून घेतली त्याचंही लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. पुण्याकडच्या हायवेला आहे एवढं पुरे. ऑगस्ट २०१९ची गाडी, पेट्रोल, सेकंड ओनर, मीटरला ४१,२०० किलोमीटर. नंबर एमएच ०८. मी बायकोला म्हटलं, "बघ, तुझ्या माहेरची गाडी आहे." ती हसली नाही. दार उघडून आत बसली, आणि लगेच म्हणाली, "अहो, वास येतोय."

आत तीन परफ्यूम लटकवलेले. आरशाला एक, एसीच्या जाळीला दोन. मी म्हटलं त्याचाच असेल. ती म्हणाली, "त्याच्या खालचा. पुरानंतर आमच्या घरातल्या गाद्यांना यायचा तसा."

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी चिपळुणात शिरली तेव्हा सासऱ्यांच्या घरात छातीएवढं पाणी होतं. ही आठ दिवस तिथं चिखल उपसत होती. तिला तो वास माहीत होता. मला माहीत नव्हता, कारण मी तेव्हा कारखान्यात वार्षिक हिशेबाचं कारण सांगून दोन दिवसांत परत आलो होतो. हे इथं लिहायची गरज नव्हती, पण असो.

आता तो क्षण. गेले कित्येक महिने मी रोज रात्री तिथं परत जातो. मुलगी मागे बसली, तिनं बेल्ट ओढला. अर्धा आला आणि मग करकर आवाज करत अडकत अडकत आला. मी मागे वळून पाहिलं. पट्ट्याच्या शेवटच्या वीतभर भागावर तपकिरी रेघ, आणि बोट फिरवलं तर बोटाला बारीक पूड. यार्डातला पोरगा चटकन म्हणाला, "कोकणातली लाल माती आहे साहेब, तिकडं सगळंच लाल." आणि मी हसलो. नुसता हसलो नाही, वर "आमची सासुरवाडीच तिकडची" असं त्यालाच सांगितलं. लाल माती टायरला लागते, मडगार्डला लागते. सीटच्या वर खांबात गुंडाळून ठेवलेल्या पट्ट्याच्या आतल्या टोकाला ती कशी जाईल? पाणी तिथवर चढल्याशिवाय? हा प्रश्न पाचवीतल्या पोराला पडेल. मला पडला नाही.

मेकॅनिक नेला नव्हता असं कुणी म्हणू नका. नेला होता, ओळखीचा, १,५०० रुपये आणि जेवण देऊन. त्यानं बॉनेट उघडलं, ऑईल पाहिलं, सायलेन्सर पाहिला, गाडी पळवून पाहिली. इंजिन खरंच चांगलं होतं. इंजिन खोलून साफ करता येतं हो, वायरिंगचं काय? तुम्ही मेकॅनिक न्याल तर त्याला सांगा, आधी मॅट काढ, त्याखालचं कार्पेट उचल, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाल, सीटच्या रेलचे बोल्ट बघ. सहा वर्षांच्या गाडीत कार्पेट कोरं करकरीत असेल तर खूश होऊ नका.

सौदा ७,३०,००० वरून ६,८५,००० ला तुटला. मला वाटलं मी जिंकलो. टोकन ११,००० यूपीआयनं. बँकेचं कर्ज ४,००,००० थेट त्यांच्या खात्यात. माझे १,३४,००० एनईएफटीनं. आणि उरलेले १,४०,००० रोख. यार्डाचा मालक म्हणाला, "बिल ५,४५,०००चं करतो, तुम्हालाही बरं, आम्हालाही बरं." जुन्या गाडीच्या व्यापाऱ्याला त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. बिल कमी दाखवलं की त्याचा कर वाचतो, माझं त्यात काहीच बरं नव्हतं. मला हे ठाऊक होतं! कारखान्यात असं व्हाउचर आलं असतं तर मी त्या माणसाला केबिनबाहेर काढला असता. पण शनिवारची दुपार, आई गाडीत जाऊन बसलेली, पोरगी फोटो काढतेय, आणि मी नोटा मोजून दिल्या. पावती मागितली नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं ते १,४०,००० मी कधी दिलेच नाहीत.

वर ट्रान्सफरचे १२,५०० आणि विम्याचे १४,८६० वेगळे.

गेल्या वर्षी पाऊस मे महिन्यातच कोसळला. गाडी घेऊन सव्वा महिनाही झाला नव्हता. पहिल्या दोन दिवसांत एअरबॅगचा दिवा लागला, मग मागची काच वर जाईना, मग वायपर आपोआप चालू. घाट उतरताना, धबधब्यांच्या वळणाच्या जरा पुढं, स्टिअरिंग एकदम दगडासारखं जड झालं. मागे आई, बाजूला दरी. हँडब्रेक ओढून थांबवली तेव्हा माझे हात थरथरत होते.

अधिकृत सर्व्हिस सेंटरला टोइंग करून नेली, ४,२०० रुपये. तिथल्या मुलानं ड्रायव्हरच्या पायाजवळचं कार्पेट उचललं आणि मला नुसतं "बघा काका" म्हणाला. खाली वाळलेल्या गाळाचे पापुद्रे, त्यात एक शेंगाच्या टरफलाएवढा शिंपला. कनेक्टरच्या पिना हिरव्या पडलेल्या. वायरिंग हार्नेस, दोन मॉड्यूल आणि स्टिअरिंगची मोटर मिळून एस्टिमेट १,८६,४००. मग त्यानं कॉम्प्युटरवर नंबर टाकला. शेवटची सर्व्हिसिंग जून २०२१, किलोमीटर ३८,९००. त्यानंतर काहीही नाही. चार वर्षांत गाडी २,३०० किलोमीटर चालली म्हणे!

हा कॉम्प्युटर मला आधी बघता आला असता. गाडीचा नंबर घेऊन त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा, चहापाण्याच्या ओळखीवरही इतिहास सांगतात. नाही सांगितला तर विकणाऱ्यालाच सोबत न्या. तो यायला तयार नसेल तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

हे कसं होतं ते तुम्हाला माहीतच असेल. पुरात बुडालेल्या गाडीचा दुरुस्तीखर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी ती टोटल लॉस धरते, मालकाला पैसे देते, आणि सांगाडा लिलावात जातो. सांगाड्यासोबत अनेकदा आरसीही, म्हणजे नोंदणीपत्रही, जाते. गाडी कायमची निकामी झाली तर १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचं, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं. पण निकामी म्हणून कुणी कळवतच नाही, ती 'दुरुस्त' होते. धुऊन, सुकवून, पॉलिश मारून चार वर्षांनी माझ्यासारख्याच्या दारात.

आता सरकारी दारांची कथा. आमच्या पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाले, गाडी जिथं घेतली तिथं जा. तिथं गेलो, १४० किलोमीटर, एसटीनं. तिथले म्हणाले, पैसे तुमच्या गावच्या बँकेतून गेले ना, मग तिकडंच. मी म्हटलं, झिरो एफआयआर कुठंही घेता येते. त्यावर साहेबांनी मान वर न करता विचारलं, "वकील आहात का?" नाही म्हटल्यावर, "ही दिवाणी बाब आहे." दोष लपवून माल विकला, नवीन भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम ३१८ तेच आहे, जुनं चारशेवीस, आणि म्हणे दिवाणी. शेवटी साध्या कागदावर अर्ज घेतला, शिक्काही मी दोनदा मागितल्यावर मारला. त्या अर्जाचं पुढं काय झालं हे विचारायला मी सहा वेळा गेलोय. अर्ज ज्यांच्याकडं होता त्यांची बदली झाली.

आरटीओत म्हणाले, आमच्या नोंदीत गाडी क्लिअर आहे, बोजा नाही, चलन नाही, काय पाहिजे अजून? अरे, नोंदीत क्लिअर आहे हीच तर तक्रार आहे! १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, त्या यार्डाकडं आहे का, असं विचारलं. खिडकी क्रमांक ४ नं ७ वर पाठवलं, ७ नं ४ वर. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, १० रुपयांचा स्टॅम्प लावून. उत्तर आलं ४१ दिवसांनी: "सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही." एका यार्डाची माहिती संकलित कशाला करायला लागते? तुम्ही मात्र आधीच भिंतीवर बघा. अधिकारपत्र, म्हणजे नमुना २९ब, लावलेलं नसेल तर टोकनसुद्धा देऊ नका. विमा कंपनी तर सरळ म्हणाली, तेव्हाचे पॉलिसीधारक तुम्ही नव्हता, माहिती गोपनीय आहे. म्हणजे माझ्या दारातल्या गाडीचा इतिहास माझ्यापासूनच गोपनीय.

यार्डाचा मालक आधी फोन घ्यायचा. "बघतो साहेब, तोडगा काढू." नंतर वकिलाची नोटीस पाठवली तर त्याचं उत्तर आलं की करारातल्या मुद्दा ७ नुसार गाडी 'जशी आहे तशी' घेतलेली आहे, खाली माझी सही. आहे. सहीखाली मी सवयीनं तारीखसुद्धा घातली आहे, १९ एप्रिल २०२५.

मग ग्राहक आयोगात तक्रार केली, ऑनलाइन. वकिलाशिवायही करता येते, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, ५ ते १० लाखांच्या व्यवहाराला फी फक्त २०० रुपये, आणि मुदत दोन वर्षांची आहे. हे कुणी मला सांगितलं नाही म्हणून चार महिने पोलिसांच्या पायऱ्या झिजवल्या. पहिलं काम म्हणून सर्व्हिस सेंटरचा लेखी रिपोर्ट आणि कार्पेटखालचे फोटो घ्या. गाडी दुरुस्त करून टाकू नका, पुरावाच जाईल. रोख दिलेले १,४०,००० मागता येतील का, असं वकिलांना विचारलं. ते म्हणाले, "काय दाखवून मागणार?"

जखमेवर मीठ म्हणजे, २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ वर आला, सेसही गेला. पाच महिने थांबलो असतो तर नवी बेस मॉडेल आवाक्यात आली असती. पण हे कुणाला माहीत होतं? याचा दोष तरी माझा नाही.

गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे. हप्ता ८,७९७, दर महिन्याच्या ५ तारखेला कापला जातो. माहेरी जायचं असलं की बायको एसटीनं जाते. गेल्या दिवाळीत निघताना तिनं ताडपत्री जरा वर केली, मागचं दार उघडलं, वास घेतला आणि परत लावलं. एक शब्द बोलली नाही. आयोगातली पुढची तारीख १७ ला आहे.