बाप्तिस्म्याआधीचे पाच शनिवार

पुण्यातल्या आमच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बाळाचा बाप्तिस्मा करायचा असेल तर आईवडिलांना आधी पाच शनिवार तयारी वर्गाला बसावं लागतं. दुपारी चार ते सहा, फी नाही, मधे चहा. यंदा आठ महिन्यांच्या लेकीसाठी मी बसले आणि नवऱ्यालाही बसवलं.

मी नगरकडची. आमच्या घरात चार पिढ्या तान्ही बाळं पाळकसाहेबांच्या (पाद्रींच्या) हातावर दिली गेली, कपाळावर तीनदा पाणी पडलं. सासरी मात्र बाळाचं नुसतं समर्पण होतं, म्हणजे प्रार्थना करून त्याला देवाच्या हाती सोपवतात. बाप्तिस्मा ज्याचा त्याने, कळत्या वयात, पाण्यात पूर्ण बुडून घ्यायचा. नवऱ्याचा एकोणिसाव्या वर्षी मामांच्या शेतातल्या पायऱ्यांच्या विहिरीत झाला. लग्नानंतर एका मंडळीत मला सांगण्यात आलं की तुमचा लहानपणचा बाप्तिस्मा आम्ही धरत नाही, पुन्हा घ्या, मग प्रभुभोजनाला, म्हणजे उपासनेतल्या भाकर-प्याल्याच्या विधीला, या. त्या रविवारी भाकर आणि प्याला माझ्यासमोरून पुढे गेले. ते अजून मनातून गेलेलं नाही. त्यामुळे या वर्गाला मी भांडायच्याच तयारीने गेले होते.

पहिल्याच शनिवारी पाळकसाहेबांनी दोन्ही बाजू मांडल्या, आणि दोन्ही मनापासून. आधी विश्वास, मग बाप्तिस्मा असं सांगणारं बायबलातलं मार्क १६:१६ वाचलं, वाटेत पाणी दिसल्यावर रथ थांबवून बाप्तिस्मा घेणाऱ्या हबशी अधिकाऱ्याची गोष्ट वाचली. मग बायबलातलीच लुदिया आणि फिलिप्पै गावच्या बंदिशाळेचा नायक, ज्यांचा घरच्यांसह बाप्तिस्मा झाला. त्या घरांत तान्हं मूल होतं असं वचनात कुठेही लिहिलेलं नाही, हेही त्यांनी स्वतःहून सांगितलं. इसवी सन २००च्या सुमारास तर्तुल्यन या जुन्या ख्रिस्ती लेखकाने लेकरांच्या बाप्तिस्म्याची घाई करू नका असं लिहिलं, म्हणजे तेव्हा तो होत होता आणि त्यावर वादही होता. नवरा पहिल्यांदाच वहीत काही लिहिताना दिसला.

दुसरा शनिवार मला सगळ्यांत आवडला. १८१२ साली अमेरिकेतून मिशनरींची एक तुकडी हिंदुस्थानात यायला निघाली. सगळे बालबाप्तिस्मा मानणारे. कलकत्त्याजवळच्या सेरामपूरच्या बॅप्टिस्ट (फक्त कळत्या वयातला, बुडून घेतलेला बाप्तिस्मा मानणाऱ्या) मंडळींशी गाठ पडणार म्हणून त्यांच्यातले अडोनिराम जडसन जहाजावर शास्त्र काढून बसले, आणि त्यांचं मतच बदललं. सप्टेंबरात कलकत्त्याला त्यांनी बुडून बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ब्रह्मदेशात गेले. त्याच तुकडीतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट आपल्या मतावर राहिले, १८१३त मुंबईला पोचले, आणि त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. हे मिशन १८३१ साली नगरला आलं. माझ्या कपाळावरचं ते पाणी असं आलं होतं, आणि चाळीशीला टेकेपर्यंत मला ते माहीत नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी त्यांनी जुनी बाप्तिस्मा नोंदवही आणली. कापडी पुठ्ठा, शाई तपकिरी झालेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. एका पानावर एकाच तारखेच्या सहा ओळी होत्या: वडील, वय ४१, आई, तीन मुलं, आणि शेवटची, वयाच्या रकान्यात ‘३ महिने’. वडिलांचं अक्षर थरथरतं, आईचा अंगठा. पाळकसाहेबांनी तिथेच पंडिता रमाबाईंची आठवण काढली. १८८३त इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, विचार करून, स्वतःच्या निर्णयाने. आणि सोबत लहानग्या मनोरमेचाही. मी त्या ‘३ महिने’वर बराच वेळ बोट ठेवून होते. आई पाण्यात उतरली आणि लेकीला काठावर ठेवलं, हे मला कधीच पटणार नाही. नवरा म्हणाला, ‘पण ती मोठी झाल्यावर तिला काय आठवणार?’ त्याला अजूनही तसंच वाटतं, आणि त्याचं म्हणणं हलकं नाही.

चौथ्या वर्गात आईवडिलांनी द्यायची वचनं एकेकाला मोठ्याने वाचायला लावली. हे करून घेतात ते फार बरं. नुसता फोटो आणि जेवणावळ डोक्यात धरून आलेली दोन जोडपी त्या दिवशी गप्प झाली.

आता उणीव. १९७० साली नागपूरला सीएनआय झाली तेव्हा बॅप्टिस्टही त्यात आले, म्हणून आमच्याकडे बालबाप्तिस्मा आणि विश्वासी (कळत्या वयात, स्वतः विश्वास ठेवून घेतलेला) बाप्तिस्मा दोन्ही मान्य आहेत. हे सांगितलं. पण लहानपणी पाणी पडलेल्याला मोठेपणी पुन्हा बुडून घ्यावंसं वाटलं तर काय, यावर पाचव्या शनिवारी जेमतेम पाच मिनिटं मिळाली. ‘बाप्तिस्मा एकदाच, तुझं दृढीकरण आहे ना’ (दृढीकरण म्हणजे मोठेपणी स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याचा विधी) एवढ्यावर विषय मिटवला. घराघरांत भांडण नेमकं इथेच आहे. याला एक आख्खा शनिवार हवा. शिवाय वाटलेल्या झेरॉक्स इतक्या पुसट की आजीआजोबांना वाचता येत नाहीत, आणि बाळं सांभाळायला वेगळी खोली नाही.

तरीही माझ्याकडून पाचपैकी चार. लेकीचा बाप्तिस्मा झाला. नवऱ्याने वचनं स्वतः म्हटली. सासूबाई आल्या, दुसऱ्या रांगेत बसल्या, आणि प्रार्थनेला उभ्या राहिल्या.

जाणार असाल तर बाळाचा जन्मदाखला आणि साक्षीदारांची नावं पहिल्याच दिवशी न्या. सासरमाहेरचं मत वेगळं असेल तर दोघांनी एकत्रच बसा. आणि नोंदवही बघायला मिळते का, ते विचारा. आपणहून प्रत्येक तुकडीला दाखवत नाहीत.