मिकीसोबत जेवण की रांगेत उभं राहून फोटो? पैसे कुठे वसूल होतात ते बघा

परवा रात्री साडेदहाला नणंदेचा फोन. मे महिन्यात ते चौघं फ्लोरिडाला डिस्नेवर्ल्डला चाललेत, तिकिटं झाली, हॉटेल झालं, आणि आता गाडी अडलीय ती कॅरेक्टर डायनिंगवर. "वहिनी, एका जेवणाचे चोवीस-पंचवीस हजार होतायत गं, घेऊ का? हे म्हणतात तेवढ्यात चार दिवस मालवणला राहून रोज सुरमई खाऊ." आता दोघांचंही बरोबर आहे त्यामुळे मी तेव्हा नुसतं हं हं केलं, पण आम्ही दोन वर्षांपूर्वी हाँगकाँगच्या डिस्नेलँडला हा प्रकार केलेला असल्यामुळे बोलायला मला भरपूर आहे, ते इथे सविस्तर लिहिते, अजूनही कोणी ठरवत असेल तर कामाला येईल.

आधी हे आहे काय ते. लग्नाच्या पंगतीत यजमान कसे हात जोडत प्रत्येक पानापाशी येतात, "सावकाश होऊ द्या" म्हणतात आणि पुढच्या पानाकडे जातात, तसंच. यजमानाच्या जागी मिकी, मिनी, डोनाल्ड, गूफी. तुम्ही टेबलावर बसायचं, बुफे असतो किंवा टेबलावर आणून देतात, आणि एकेक कॅरेक्टर फिरत फिरत तुमच्यापाशी येतं, मिठी मारतं, फोटो काढू देतं, वहीत सही करतं, मिनिट दोन मिनिटं थांबून पुढे. साधारण दीड तासात सगळी येऊन जातात.

आता दुसरे पर्याय. परेड फुकट असते, तिकिटातच येते, फुटपाथवर बसून लांबून हात हलवायचा. पार्कात ठरलेल्या जागी कॅरेक्टर भेटतात, त्याला मीट अँड ग्रीट म्हणतात, तेही तिकिटातच, फक्त रांग लावायची. आपल्याला हे समजायला सोपंय, कारण लालबागला आपण हेच करतो. परेड म्हणजे मुखदर्शन. मीट अँड ग्रीट म्हणजे नवसाची रांग. आणि हे जेवण म्हणजे गणपती घरी आणणं, देव तुमच्या घरी येतो, रांग नाही धक्काबुक्की नाही, फक्त मखरापासून मोदकापर्यंत सगळा खर्च तुमचा.

म्हणजे ते पैसे जेवणाचे नाहीतच. हे एकदा डोक्यात बसलं की हिशोब सोपा होतो. जेवणाचे समजून गेलात तर बाहेर येताना शिव्याच द्याल, कारण तेवढ्या पैशात मुंबईत कुठल्याही मोठ्या हॉटेलात याहून चांगलं खाल.

नणंदेचाच हिशोब घेऊ. तिच्या मनात शेफ मिकीज आहे, डिस्नेवर्ल्डच्या कंटेम्पररी हॉटेलातलं, ज्याच्या पोटातून मोनोरेल जाते ते हॉटेल. रात्रीचं जेवण मोठ्यांना माणशी ६० डॉलरच्या वर आणि लहानांना ४० च्या आसपास. पण लहान म्हणजे ३ ते ९ वर्षं. दहावं लागलं की डिस्नेच्या हिशोबात पोरगं मोठं! तिची मुलगी ११ ची, पोळीचा चतकोर खाऊन उठणारी, तिचं पूर्ण ताट. धाकटा ६ चा. म्हणजे तीन मोठे एक लहान, झाले २२० डॉलर, वर टॅक्स, वर टिप, जी अमेरिकेत १८-२० टक्के द्यावीच लागते आणि मेन्यूच्या भावात धरलेली नसते. पावणेतीनशे डॉलर कुठेच गेले नाहीत. हाँगकाँगला टिपची भानगड नाही पण १० टक्के सर्व्हिस चार्ज लागतो, तोही इथून भाव बघताना आपण विसरतो. तीन वर्षांखालच्याला मात्र दोन्हीकडे पैसे नाहीत.

पार्कातच साध्या काउंटरवर बर्गर पिझ्झा राइस बाउल असलं काही घेतलं तर मोठ्या माणसाचं १५-२० डॉलरमध्ये भागतं. शिवाय फ्लोरिडाच्या डिस्नेत बाहेरचं खाणं आत न्यायला परवानगी आहे, काचेची बाटली आणि दारू सोडून, त्यामुळे थेपले, चकली, शेंगदाण्याचे लाडू बॅगेत टाकून एक वेळचं जेवण सहज निघतं. आमच्या लहानपणी गोराईच्या बोटीतून एस्सेलवर्ल्डला जाताना आई डब्यात काय द्यायची ते आठवा, तेच. म्हणजे दोन्हीतला खरा फरक धरला तर दोनशे डॉलर, १७-१८ हजार रुपये.

त्या १७-१८ हजारांत काय मिळतं? वेळ. शेफ मिकीजला पाच कॅरेक्टर येतात, मिकी मिनी डोनाल्ड गूफी प्लूटो. हीच पाचही पार्कात रांगा लावून भेटायची म्हटली तर गर्दीच्या दिवशी एकेका रांगेत अर्धा-पाऊण तास, म्हणजे तीन तास गेलेच, मे महिन्याच्या फ्लोरिडाच्या घामात, आणि पार्काच्या त्या दिवसाचं तिकीट काही स्वस्त नसतं. तेव्हा मुलांना पाचही भेटायची असतील तर जेवण महाग नाही. पण मुलाला एकट्या मिकीचीच पडलेली असेल तर कशाला? डिस्नेवर्ल्डच्या मॅजिक किंगडम या पार्कात शिरल्याशिरल्या टाउन स्क्वेअर थिएटरमध्ये मिकी भेटतो, सकाळी लवकर जाऊन एक रांग लावा आणि मोकळे व्हा. माझ्या मते निम्म्या घरांचा प्रश्न इथेच मिटतो, आधी पोरांना विचारा तरी की कोण हवंय, आपणच आपल्या हौसेने पाचजणांना आवतण देत असतो.

आता आमचं सांगते. हाँगकाँग, पार्काच्या हॉटेलातला नाश्ता, मी, नवरा, सासूबाई आणि पाच वर्षांचा चिरंजीव. बिल १६ हजारांच्या आसपास. पहिली चूक आमचीच, सकाळी आठचं बुकिंग. हाँगकाँग आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे पोराच्या पोटात पहाटेचे साडेपाच वाजलेले, तो अर्धा झोपेत, समोर मिकीच्या तोंडाच्या आकाराचा वॉफल, त्याचा एक कान खाल्ला आणि संपला नाश्ता. दुसरी चूक त्याहून भारी. त्या दिवशी संकष्टी निघाली. सासूबाईंनी टेबलावर बसल्यावर शांतपणे सांगितलं, मी फक्त फळं घेईन. मोठ्या माणसाच्या पूर्ण पैशात कलिंगडाच्या चार फोडी आणि पपई! वर चंद्रोदय मुंबईचा धरायचा की इथला यावर दोघा मायलेकांची अर्धा तास चर्चा.

आणि तेवढ्यात मिकी आला. पोरगा सरळ आजीच्या पदरामागे. फोटोतला मिकी वेगळा आणि हा समोर उभा असलेला, पाच वर्षांच्या पोराच्या तिप्पट डोकं असलेला वेगळा. मी आपली "बघ बघ मिकी आला" करून ओढतेय, तो अजून आत शिरतोय. सासूबाईंनी मात्र घरी पाहुणा आल्यासारखं वर बघून विचारलं, "ये रे बाबा. जेवलास का?" मराठीत! मिकीने मान हलवली, पोटावरून हात फिरवला, मग त्यांच्या ताटलीतली कलिंगडाची फोड बघून दोन्ही गालांवर हात ठेवले. त्यांनी फोड उचलून पुढे केली. त्याने तो परीटघडीचा पांढरा हातमोजा पुढे केला आणि मग बोटानेच आधी त्याला द्या म्हणून पदराकडे दाखवलं. पदरातून एक डोळा बाहेर आला, मग हात, फोड घेतली, खाल्ली. पुढचे चार मिनिटं चिरंजीव मिकीचं नाक सोडायला तयार नाहीत. हे रांगेत झालं नसतं, रांगेत मागे शंभर माणसं उभी असतात, रडणाऱ्या पोराला समजवायला तेवढी सवड कोण देणार. टेबलावर थोडं थांबता येतं, एक लाजला तर दुसरं कॅरेक्टर येईपर्यंत पोर सावरतं. १६ हजारांतले निदान दहा तरी मी त्या चार मिनिटांच्या नावावर टाकते, उरलेले सहा संकष्टीला अर्पण.

यावरून एक फार कामाची गोष्ट. मोठं डोकं घातलेली कॅरेक्टर, म्हणजे मिकी गूफी वगैरे, बोलत नाहीत, सगळं हातवाऱ्यांनी. राजकन्या बोलतात. सिंड्रेला येऊन खुर्चीशी वाकून विचारते तुझा आवडता रंग कुठला, आणि आपलं मराठी माध्यमातलं किंवा नुसतंच बुजरं पोर आईच्या तोंडाकडे बघत बसतं. इंग्रजी घडाघडा बोलणारी मुलगी असेल आणि राजकन्यांचं वेड असेल तर फ्लोरिडाच्या किल्ल्यातलं सिंड्रेलाज रॉयल टेबल तिच्यासाठी स्वर्ग आहे, पॅरिसच्या डिस्नेलँडला फँटसीलँडमध्ये ओबर्ज द सांद्रियों आहे तसंच. पण पाच वर्षांखालच्या मुलाला मुकं कॅरेक्टर बरं, तिथे भाषा लागत नाही, आजीचं मराठीही चालतं.

आणखी एक फरक लोक बघत नाहीत. किल्ल्यातलं जेवण पार्काच्या आत, म्हणजे त्या दिवसाचं तिकीट हवंच आणि तिकिटाच्या दिवसातला दीड तास टेबलावर जाणार. शेफ मिकीज किंवा हाँगकाँगच्या हॉटेलातली जेवणं पार्काच्या बाहेर, तिकीट लागत नाही. मी नणंदेला हेच सांगणार आहे की घ्यायचंच तर हॉटेलातलं घे आणि ते पोचल्याच्या किंवा निघायच्या दिवशी लाव, ज्या दिवशी पार्क नाहीच. तोच खर्च निम्म्याने हलका वाटतो.

वेळही आपल्या घड्याळावरून ठरवा. पूर्वेकडे, हाँगकाँग टोकियोला, आपली मुलं सकाळी उठत नाहीत, तिथे उशिराचा नाश्ता किंवा रात्रीचं जेवण. अमेरिकेत उलटं, मे महिन्यात फ्लोरिडा आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, पहिले दोन-तीन दिवस पोरं पहाटे तीनला टक्क जागी आणि संध्याकाळी सातला ताटात डोकं. तिकडे सकाळचा पहिला स्लॉट घ्या, नाश्ता रात्रीच्या जेवणापेक्षा स्वस्तही असतो आणि कॅरेक्टर तीच येतात. रात्रीचं महागडं बुकिंग करून झोपलेलं पोर मांडीवर घेऊन गूफीसोबत फोटो काढलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत.

बुकिंग फ्लोरिडाला ६० दिवस आधी उघडतं, तिकडे सकाळी सहाच्या सुमारास, म्हणजे मार्चच्या मध्यानंतर आणि एप्रिलमध्ये आपल्याकडे दुपारी साडेतीन, ऑफिसात चहाच्या वेळेला. ऑनलाइन होतं. न सांगता गेला नाहीत तर माणशी १० डॉलर कापतात त्यामुळे बेत बदलला तर आठवणीने रद्द करा.

शाकाहारी घरांनी मात्र दहादा विचार करावा. उपाशी राहत नाही कोणी, पास्ता सॅलड फळं ब्रेड चीज असतंच आणि आधी कळवलं तर वेगळं करूनही देतात, पण बुफेच्या भावात मुख्य हात मांस आणि मासळीचा असतो, ते तुम्ही खाणारच नसाल तर वसुली कसली. शाकाहारी असाल तर नाश्ताच, निदान वॉफल आणि फळं सगळ्यांचीच सारखी.

हे सगळं झेपत नसेल तर सिंगापूरला युनिव्हर्सल स्टुडिओजच्या पार्कात मिनियन (सिनेमातले ते पिवळे बुटके) आणि मंडळी चालता चालता भेटतात, वेगळं जेवण घ्यायची गरज नाही. सगळ्यात स्वस्त पर्याय माझ्या जावेने केला, मुलुंडच्या सोसायटीच्या हॉलमध्ये वाढदिवसाला भाड्याचा मिकी. मिकीच्या पायात स्पोर्ट्स शूज होते, डोकं सारखं डावीकडे कलत होतं, आणि तीस पोरं त्याच्या शेपटीला लोंबकळून बेहोश खूश. दोन-तीन वर्षांच्या मुलाला खऱ्या-खोट्यातला फरक कळत नाही, त्या वयासाठी विमानाचं तिकीट काढूच नका, मिकीचं जेवण तर लांबच.

थोडक्यात माझा कौल असा की ४ ते ८ वर्षांचं पोर, सोबत आजी-आजोबा, त्यांना रांगेत उभं राहणं होत नाही, आणि ट्रिप एकदाच होणार आहे, तर एक नाश्ता घ्या, एकच, दोन नको. सगळी मुलं दहाच्या वर असतील तर सोडून द्या, ती मोबाइल बघतील आणि मिकी आला की लाजतील, ते पैसे राइडच्या रांगा टाळायच्या पासवर घाला. घेतलंत तर सहीची वही दादरहून घेऊन जा आणि जाड मार्कर पेन न्या, त्या जाडजूड बोटांत बॉलपेन धरता येत नाही. बुफेला दोघं एकदम उठू नका, एक मोठं माणूस टेबलावर हवंच, नाहीतर तुम्ही ताट घेऊन परत येता आणि डोनाल्ड शेजारच्या टेबलावर पोचलेला असतो. तसं झालंच तर वाढणाऱ्यांना सांगा, ते परत पाठवतात.

हे सगळं नणंदेला व्हॉइस नोटमध्ये पाठवलं, अकरा मिनिटांचा. तिने ऐकलं की नाही देव जाणे, पण तासाभरात तिचा मेसेज आला, नाश्ता घेतेय, पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि आईपण येतेय आमच्यासोबत. मी उठून स्वयंपाकघरातलं कालनिर्णय उलटून मे महिना काढला. एकादशी.