पहिला रविवार, पाच तिकिटे आणि 195 युरो

4 मे 2025 रोजी रोममध्ये कोलोसियमला सर्वांना मोफत प्रवेश होता. त्याच दिवशी, त्याच कोलोसियमसमोर आम्ही पाच तिकिटांचे 195 युरो मोजले आणि हाती आले ते पाच निरुपयोगी कागद. पैसे मी दिले. मी गेली अठरा वर्षे लेखा विभागात काम करते, दुसऱ्यांची बिले तपासते, आणि म्हणूनच हे लिहायला मला सात महिने लागले. घरात हा विषय निघाला की अजूनही मला मान वर करून बोलता येत नाही.

गळ्यात ओळखपत्र अडकवून ‘रांग टाळा’ म्हणत फिरणारी माणसे कशी असतात, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. निघण्यापूर्वी सगळे वाचले होते. परंतु आमची परिस्थितीही समजून घ्या. ते ज्युबिलीचे, म्हणजे कॅथलिक ख्रिस्ती लोकांचे पवित्र वर्ष होते, पोप फ्रान्सिस 21 एप्रिलला निवर्तले होते, नव्या पोपच्या निवडीसाठी व्हॅटिकनमधील सिस्टीन चॅपल हे प्रार्थनागृह 28 एप्रिलपासून बंद केले होते आणि शहर माणसांनी फुलून गेले होते. रोमसाठी आमच्याकडे एकच पूर्ण दिवस होता, आणि सासूबाईंनी निघतानाच सांगितले होते की बाकी काही पाहिले नाही तरी चालेल, पण कोलोसियम पाहायचे. अधिकृत संकेतस्थळावर तिकिटे 30 दिवस आधी खुली होतात. मी बारा दिवस आधी पाहिले तेव्हा 4 मेच्या दिवशी एकही वेळ निवडता येत नव्हती. तिकिटे संपली, असा मी अर्थ लावला. खरे कारण वेगळे होते. महिन्याच्या पहिल्या रविवारी तेथे प्रवेश मोफत असतो, त्यामुळे त्या दिवसाचे आगाऊ आरक्षणच होत नाही. तिकीट तेथील खिडकीवर जाऊन घ्यावे लागते. ही सोय इटलीतील बहुतेक सरकारी संग्रहालयांना आणि प्राचीन स्थळांना 2014 पासून लागू आहे. 25 एप्रिल, 2 जून आणि 4 नोव्हेंबर हे दिवसही आता तसेच मोफत असतात. जाणार असाल तर आधी दिनदर्शिका उघडा.

तेर्मिनी या रोमच्या मुख्य रेल्वे स्थानकाहून मेट्रोने दोन स्थानके गेलो आणि 9.40 ला बाहेर पडलो. समोरच ती अवाढव्य वास्तू आणि तिच्याभोवती न संपणारी रांग. सासूबाईंचे वय 69, गुडघे दुखणारे. गळ्यात निळ्या पट्टीचे ओळखपत्र अडकवलेला एक तरुण आमच्याजवळ आला तेव्हा त्याने आधी त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि नम्रपणे म्हणाला की आजची तिकिटे संपली आहेत, रांगेत चार तास जातील, मात्र 11.15 च्या गटात पाच जागा शिल्लक आहेत, माणशी 39 युरो. मोठ्यांचे साधे तिकीट 18 युरोचे आणि अठरा वर्षांखालील मुलांना कोणत्याही दिवशी मोफत, हे मला पाठ होते. मी तसे बोलूनही दाखवले. तो म्हणाला, मुलांचे तिकीट मोफतच आहे, हे पैसे रांग टाळण्याचे आहेत. मला ते पटले. सुरक्षा तपासणीची रांग कोणालाही टाळता येत नाही, हे तेव्हा मला सुचायला हवे होते.

पण खरा क्षण त्यानंतरचा आहे, आणि तो मी रोज आठवते. माझी तेरा वर्षांची मुलगी रांगेच्या टोकाकडे बोट दाखवून म्हणाली, “आई, तिथल्या पाटीवर फ्री लिहिलंय.” मी वळूनही पाहिले नाही. म्हणाले, “ते लहान मुलांसाठी असतं गं.” यजमान म्हणाले, “अगं, मी जाऊन विचारून येतो, दोन मिनिटं थांब.” त्यावर मी चिडून म्हणाले, “आणि तोवर आईंना उन्हात उभं करायचं का?” दोन मिनिटे. तेवढी मी दिली असती तर हे लिहावेच लागले नसते. मुलगी गप्प झाली, आणि तिला गप्प केल्याचा सल मला पैशांपेक्षा जास्त आहे.

दुसरी खूणही डोळ्यांसमोर होती. ऑक्टोबर 2023 पासून कोलोसियमच्या आरक्षित तिकिटावर प्रत्येकाचे नाव असते आणि दारात पासपोर्ट पाहतात. या माणसाने आमची नावे विचारलीच नाहीत. नाव न विचारता कोणी तिकीट देत असेल तर तिथूनच मागे फिरा. कागद जाड, गुळगुळीत, वर कोलोसियमचे छायाचित्र आणि एक चौकोनी कोड होता. मात्र तारीख आणि वेळ निळ्या पेनाने लिहिलेली होती, त्यातही 11 चा एक आकडा गिरवलेला. कार्डाच्या यंत्रावर युरो की रुपये असा पर्याय आला, तेव्हा त्याने माझ्या वतीने रुपयांवर बोट ठेवले आणि मी पिन टाकला. खात्यातून 19,786 रुपये गेले. युरो तेव्हा साधारण 95-96 रुपयांना होता, म्हणजे हजाराहून अधिक रुपये केवळ या रूपांतरात गेले. परदेशात यंत्रावर नेहमी तेथील चलनच निवडा, आणि यंत्र आपल्या हातात घेऊन निवडा.

शेजारच्या कॉन्स्टंटाइनच्या कमानीपाशी थांबा, असे त्या तरुणाने सांगितले होते. आम्ही 12.20 पर्यंत थांबलो. कोणी आले नाही. दारावरच्या रक्षकाने कागद उलटसुलट करून परत दिला, हा आमचा नाही म्हणाला, आणि आज मोफत आहे, त्या रांगेत उभे राहा, असे सांगितले. त्या रांगेत पावणेतीन तास गेले. सासूबाई अर्ध्या तासातच कठड्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही मुलांना दाखवून आणा, माझं राहू दे.” यजमान त्यांच्याजवळ थांबले. इसवी सन 80 मध्ये खुल्या झालेल्या त्या वास्तूत मी मुलांना घेऊन गेले खरी, पण काय पाहिले ते मला सांगता येणार नाही.

पोलिसांबद्दल काय सांगावे? चौकातच त्यांची गाडी उभी होती. त्यांनी चौकीत जायला सांगितले. चौकीत एक तास चाळीस मिनिटे बसवले आणि मग विचारले की पैसे तुम्ही स्वतःहून दिलेत ना? इंग्रजी जाणणारे कर्मचारी उद्या नऊ वाजता येतील, तेव्हा या. आमची फ्लोरेन्सची रेल्वेगाडी सकाळी आठची होती. परत येताना पाहिले तर पोलिसांच्या गाडीपासून पन्नास पावलांवर तशाच निळ्या पट्टीचे ओळखपत्र घातलेला दुसरा माणूस एका कुटुंबाला अडवून उभा होता. पोलिसांना तो दिसत नव्हता, यावर मी विश्वास ठेवू शकत नाही. तरीही तुम्ही तक्रार लिहूनच घ्या, शिक्क्याची प्रत मिळेपर्यंत उठू नका, रेल्वेगाडी चुकली तर चुकू द्या. कारण पुढे बँक तीच प्रत मागते.

बँकेने तर कहर केला. तक्रार त्याच रात्री केली. कर्मचाऱ्याने ती ‘अनधिकृत व्यवहार’ या सदरात घातली आणि तीन आठवड्यांनी उत्तर आले की पिन वापरलेला असल्याने व्यवहार अधिकृत आहे. पिन मीच टाकला होता, हे मी पहिल्याच ओळीत लिहिले होते! माझी तक्रार ‘पैसे घेतले, सेवा दिली नाही’ अशी होती आणि तिचे सदरच वेगळे असते. ते बदलून घेण्यासाठी सहा फोन आणि शाखेत दोन फेऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी नवा माणूस, नवा तक्रार क्रमांक आणि तीच कहाणी पहिल्यापासून. शेवटी त्यांनी पोलीस तक्रारीची प्रत मागितली, ती नाही म्हटल्यावर प्रकरण बंद केले. यंत्रातून निघालेल्या पावतीवर एका किरकोळ वस्तूंच्या दुकानाचे नाव आहे. कोलोसियमच्या तिकिटाचे पैसे अशा दुकानाच्या खात्यात कसे गेले, या प्रश्नाला बँकेने आजवर उत्तर दिलेले नाही.

बँकेचे उत्तर पटले नाही किंवा तीस दिवसांत आलेच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. मी ती 11 सप्टेंबरला केली आहे. पाचही कागद आणि पावती एका लखोट्यात ठेवली आहे. पावतीची शाई उडू लागली होती, म्हणून तिची छायाप्रत आधीच काढून घेतली.