सातेरीच्या पेट्यांसाठी पांढरा बी-सूट: उन्हाळा, पावसाळा आणि ऑक्टोबरच्या उकाड्यानंतर

मधपेटीसाठी सूट घेणार असाल तर आधी रंग बघा, कापड आणि शिवण त्यानंतर. जांभूळ फुलायच्या सुमारास मी ऑनलाइन एक पांढरा सुती सूट मागवला. अंगरखा-पायजमा एकसंध, डोक्यावर जाळीची टोपी चेननं जोडलेली, किंमत साधारण दीड हजार. तेव्हापासून ठाण्याच्या घोडबंदर रोडला कासारवडवली गावठाणात मामांच्या परसातल्या सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या आपल्या देशी मधमाशीच्या, पेट्या मी याच सुटात उघडते.

मामा सूट घालत नाहीत. डोक्याला जाळी बांधली की झालं, बाकी रोजचेच कपडे: नेव्ही ब्लू फुल शर्ट, काळी पँट, काळे मोजे. "अगं, माशी माणूस ओळखते, कपडे नाही," हे त्यांचं ठरलेलं. त्यांचा हात खरंच शांत आहे, पेटीतली पोळ्याची लाकडी चौकट ते माझ्यापेक्षा हळू उचलतात. तरीही एकाच पेटीच्या दोन बाजूंना आम्ही उभे असलो की पहारेकरी माश्या त्यांच्याकडे वळायच्या. माझ्या बाहीवर एखादी बसे, चालत जाई, उडून जाई. त्यांच्या शर्टाच्या कॉलरपाशी मात्र टोकदार आवाजात घिरट्या चालू. ऐन उन्हाळ्यात एकदा पिलाव्याची (अंडी-अळ्यांची) चौकट काढताना माश्या चिडल्या. घरात आल्यावर मामांनी मोजे काढले तेव्हा मी जवळून बघितलं. घोट्याजवळच्या काळ्या विणीत नांग्या रुतलेल्या होत्या आणि एकीला चिकटलेली विषाची इवलीशी पांढरी पिशवी अजून आकसत-फुगत होती. माशी निघून गेल्यावरही ती पिशवी काही वेळ विष ढकलत राहते. म्हणून नांगी लागली की ती चिमटीत धरायची की नखानं खरवडायची याचा विचार करत बसू नये, हाताला येईल तशी लगेच काढावी. माझ्या पांढऱ्या पायजम्यावर त्या दिवशी एकही नांगी नव्हती.

यामागचं कारण समजून घेतलं तर खरेदी सोपी होते. मधमाशीच्या डोळ्याला अतिनील, निळा आणि हिरवा असे तीन मूळ रंग कळतात. लाल कळत नाही. ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी 1914 च्या सुमारास रंगीत पुठ्ठे करड्या पुठ्ठ्यांच्या मधे ठेवून हे दाखवलं. निळा पुठ्ठा माश्या बरोबर शोधत, लाल मात्र गडद करड्यापासून वेगळा ओळखू शकत नसत. मधमाश्यांवरच्या कामासाठी त्यांना 1973 मध्ये नोबेल मिळालं. आता आपल्या कामाचा भाग असा: "माशीला लाल दिसत नाही, म्हणून लाल कपडे सुरक्षित" असं मला किती जणांनी सांगितलं असेल! हे नेमकं उलटं आहे. लाल दिसत नाही म्हणजे लाल कपडा तिला काळपट दिसतो. आणि पोळ्यासमोर हलणारी काळपट वस्तू म्हणजे शत्रू, अशीच तिची धारणा. पोळी फोडणारं अस्वल काळं, केसाळ आणि उच्छ्वास सोडणारं असतं. गडद रंग, खरबरीत केसाळ पोत, हालचाल, श्वास आणि वास या सगळ्यांवर तिचा बचाव बेतलेला आहे. डंख डोळ्यांभोवती, नाकपुड्यांवर, भुवयांवर आणि केसांत जास्त बसतात तेही याचमुळे.

केसांचं तर मी स्वतः अनुभवलं. टोपीची चेन लावण्याआधी पेटीजवळ उभी राहिले की माश्या माझ्या केसांत शिरतात. शेजारी मामांचं पांढरं डोकं उघडं असलं तरी तिकडे फिरकत नाहीत. केसांत अडकलेली माशी घाबरते, जोरात भणभणते आणि शेवटी डंख मारते. आता मी आधी फिक्या रंगाची ओढणी घट्ट बांधते, वर टोपी घालते. फरक लगेच जाणवला.

सुटाच्या पांढरेपणाइतकंच त्यावरच्या काळ्या जागांकडे लक्ष द्या, कारण कंपन्या तिकडे बघतच नाहीत. माझ्या सुटाची मानेपाशी चेन झाकणारी वेल्क्रोची पट्टी काळी आहे आणि चिडलेल्या माश्या तिथेच येऊन धडकतात. अगदी हनुवटीखाली, जिथे दोन चेन मिळतात आणि जरा फट राहते, तिथेच. मी त्यावर जुन्या चादरीची पांढरी पट्टी शिवून घेतली. घड्याळाचा काळा पट्टा, काळ्या फ्रेमचा चष्मा, मोबाइलचं काळं कव्हर हे सगळं घरात ठेवून जाते. चेहऱ्यावरची जाळी मात्र काळीच हवी. पांढऱ्या जाळीवर ऊन चमकतं आणि कोवळी अंडी दिसत नाहीत. त्या काळ्या जाळीवर माश्या येतातच, पण ती नाकापासून लांब राहिली की काही होत नाही. माझी जाळी खाली वाकलं की नाकाला टेकायची. आत रुंद काठाची हलकी टोपी घातल्यावर प्रश्न मिटला.

शुभ्र पांढराच हवा असं मात्र नाही. मामांना बऱ्याच विनवण्यांनंतर म्हटलं, "मामा, आज तुम्ही क्रीम सदरा घालून बघा ना." घातला. त्या दिवशी आणि पुढे ज्या ज्या वेळी त्यांनी फिके कपडे घातले तेव्हा कॉलरभोवतीच्या घिरट्या कमी झाल्या, हे त्यांनीही मान्य केलं. क्रीम, फिका पिवळा, फिकी खाकी, फिकं आकाशी, सगळं चालतं. कापड गुळगुळीत सुती असावं. लोकर, फ्लीस, मखमल नको, रंग फिका असला तरी नको.

आता रंगाची मर्यादा. पावसाळ्याच्या तोंडावर एका पेटीवर काम करताना सुटाच्या बाहीवर दोन-तीन डंख बसले. पुढच्या खेपेला सूट धुवायला सवड मिळाली नव्हती, तसाच घातला. माश्या त्या बाहीवर तुटून पडल्या, पांढरी असूनही. डंख मारताना माशी धोक्याचा गंध सोडते. त्यातला मुख्य घटक आयसोॲमिल ॲसिटेट, 1962 मध्ये ओळखला गेलेला. त्याला पिकल्या केळ्यासारखा वास येतो, कारण केळ्याच्या वासातही तोच असतो. हा गंध कापडात राहतो आणि बाकीच्यांना "इथे मारा" असं सांगतो. म्हणजे वासापुढे रंग हरतो. म्हणून डंख लागलेला सूट धुतल्याशिवाय पेटीवर नेऊ नका, पेटी उघडण्याआधी केळं खाऊ नका, अत्तर, डिओ, वासाचं तेल लावू नका. स्मोकरमध्ये, म्हणजे माश्यांवर धूर सोडायच्या भात्याच्या डब्यात, मी नारळाचं वाळलेलं सोडण जाळते. थंड पांढरा धूर हवा, ज्वाळा नको. धुरानं तो गंध झाकला जातो आणि माश्या मध पिऊन पोट भरायला लागतात, मग त्यांचं आपल्याकडे लक्ष कमी राहतं.

ठाण्याच्या हवेत हा सूट कसा टिकतो? एप्रिल-मे महिन्यांत साडेदहानंतर आत उभं राहवत नाही. पांढरा रंग ऊन थोडं परतवतो, पण जाड ड्रिल कापडात घाम साठतो. उन्हाळ्यात मी आठ-साडेआठलाच पेट्या उघडते. तीन थरांच्या जाळीदार कापडाचे सूट हवेशीर असतात, महागही असतात. रोज काम करणाऱ्यानं तोच घ्यावा. खरा त्रास पावसाळ्यात. सूट वाळत नाही, बगलेत आणि कॉलरवर बुरशीचे काळे ठिपके पडतात. धुण्याच्या सोड्यात भिजवून ठिपके बरेच निघाले, पूर्ण नाही. टोपी वेगळी काढून हातानं धुवा, मशीनमध्ये जाळी फाटते. मनगटाचं इलॅस्टिक गणपतीपर्यंत सैल झालं, ते मी बदललं. पायाजवळ एक शिवण उसवली होती. मेणाचे आणि माश्यांच्या विष्ठेचे पिवळे डाग कायम राहतात, त्यानं बिघडत काही नाही. सोबत आलेले चामडी हातमोजे मी वापरत नाही, चामड्यात वास मुरतो आणि चौकट नीट धरता येत नाही. फिक्या पिवळ्या रबरी मोज्यांत काम छान होतं.

पावसाळ्यात माश्यांचा स्वभावही बदलतो हे लक्षात घ्या. फुलोरा नसतो, गोळा करणाऱ्या माश्या घरीच असतात, आपण दिलेल्या साखरेच्या पाकावर दिवस काढायचे असतात. तेव्हा पांढऱ्या सुटातही पेटी भराभर तपासून बंद करावी. ऑक्टोबरात ऊन पडलं आणि फुलं आली तशा त्याच माश्या पुन्हा मवाळ झाल्या.

खारघरच्या मैत्रिणीनं विचारलं, "आमच्या टॉवरला आग्यामोहोळ आहे, तुझा सूट देशील?" मी नाही दिला. आग्या माशी सातेरी नाही. भिंतीसारखं पसरलेलं ते मोहोळ धोका दिसला की पोटं वर उचलत लाटा काढतं. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात दिसलं की उजळ पार्श्वभूमीवर हलणारी गडद आकृती दिसली की या लाटा उठतात, गडद पार्श्वभूमीवरच्या फिक्या आकृतीनं उठत नाहीत. म्हणजे रंगाची गोष्ट तिथेही आहे, पण हजारो माश्या मागे लागल्यावर दीड हजारांचा एकेरी सुती सूट पुरत नाही. सोसायटीला एवढंच सांगितलं की त्या बाल्कन्यांत रात्रीचे प्रखर दिवे लावू नका, खाली फटाके आणि औषधफवारणी नको, आणि काढायचंच असेल तर माश्या न मारता काढणाऱ्या अनुभवी माणसाला बोलवा. हंगाम संपला की आग्या स्वतःच स्थलांतर करते.

माप घेताना नेहमीपेक्षा एक नंबर मोठा घ्या, कापड अंगापासून सुटं राहिलं तरच डंख त्वचेपर्यंत पोचत नाही. सूट कुठलाही असो, डंखानंतर श्वास कोंडला, घसा सुजला किंवा अंगभर गांधी उठल्या तर थेट रुग्णालय गाठा. मामांसाठी मी क्रीम रंगाचं सुती जॅकेट मागवलंय, काळ्या पट्टीऐवजी पांढरी वेल्क्रो असलेलं. पुढच्या जांभूळ-फुलोऱ्याआधी पोचेल.